झिजलेला भाग बदलावा, यंत्र टाकू नये

आमच्या लहानपणी घराच्या माजघरात एक दगडी जाते होते. वर्षा-दोन वर्षांनी त्याचा खडबडीतपणा जाऊन दगड गुळगुळीत होई, पीठ जाडेभरडे पडू लागे, आणि मग टाकी लावणाऱ्याला बोलावणे जाई. तो अंगणात बसून छिन्नीने दोन्ही तळ्यांना टाके घाली व सायंकाळी जाते पुन्हा नव्यासारखे फिरू लागे. ‘जाते जुने झाले, आता नवे आणा’ असे घरात कोणी म्हटल्याचे आम्हांस स्मरत नाही. झिजतात ते टाके, जाते नव्हे, हा भेद कधी शाळेचे तोंड न पाहिलेल्या आमच्या आजीलाही ठाऊक होता. आज आपण सर्व शिकलेसवरलेले झालो आहो. परंतु हा साधा भेद मात्र विसरत चाललो आहो, असे आमचे मत आहे. एका लहानशा घरगुती प्रसंगाच्या आधाराने ते येथे मांडावे, असा विचार आहे.

आमच्या घरी विजेवर पाव करण्याचे एक यंत्र आहे. इंग्लंडातून परतलेल्या एका आप्ताने ते बारा वर्षांपूर्वी आम्हांस दिले. बडोद्यासारख्या शहरात बेकरीचा पाव हाकेच्या अंतरावर मिळत असता घरात असले यंत्र कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमच्याही मनात तो आला होता, आणि पहिले वर्षभर ते यंत्र खोक्यातच पडून होते. पुढे आमच्या मातोश्रींना डॉक्टरांनी मीठ अगदी बेताचे खाण्यास सांगितले. बाजारच्या पावात मीठ किती असावे, हे काही आपल्या हाती नसते. तेव्हा खोके उघडले गेले, आणि कणकेचा, नावापुरते मीठ घातलेला पाव एक दिवसाआड घरात होऊ लागला. मातोश्रींच्या सकाळच्या चहाबरोबरच्या दोन कापा म्हणजे त्या यंत्राचा आमच्या घराशी जडलेला खरा संबंध होय.

यंत्राची रचना मोठी सुबोध आहे. एका चौकोनी भांड्यात पाणी, पीठ, यीस्ट आणि मीठ घालावयाचे. भांड्याच्या बुडातून एक लहान पोलादी दांडा वर आलेला असतो. त्यावर पीठ मळणारे पाते बसवावयाचे. यंत्राच्या पोटात एका बाजूस मोटर असते. ती एका दातेरी पट्ट्याने मोठे चाक फिरवते, आणि ते चाक कपलिंगच्या द्वारे तो दांडा फिरवते. लहान चाकावरून मोठ्या चाकावर गती नेली की वेग कमी होतो व जोर वाढतो, हे विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले असेलच. पीठ मळून झाल्यावर ते मंद उबेत फुगते, पुन्हा थोडे मळले जाते, पुन्हा फुगते, आणि शेवटी भांड्याभोवतालची कॉइल तापून पाव भाजला जातो. साऱ्या कामास तीन ते चार तास लागतात.

असले यंत्र प्रथम कसे सिद्ध झाले, तो इतिहासही मनोरंजक आहे. जपानमधील मात्सुशिता कंपनीचे तंत्रज्ञ 1985 च्या सुमारास या खटपटीत होते. परंतु यंत्रातला पाव बाहेरून करपे आणि आतून कच्चा राही. तेव्हा इकुको तानाका नावाच्या त्यांच्यातील एक बाई ओसाका येथील एका प्रख्यात हॉटेलातील मुख्य पावकाराच्या हाताखाली उमेदवारी करण्यास गेल्या. तो पीठ नुसते मळत नसे, तर ओढता ओढता त्यास पीळ देत असे, हे त्यांच्या ध्यानात आले. ती क्रिया यंत्रात आणण्यासाठी भांड्याच्या आतल्या अंगास खास कंगोरे दिले गेले, आणि 1987 मध्ये ते यंत्र बाजारात आले. म्हणजे ज्या यंत्रास आपण ‘आपोआप चालणारे’ म्हणतो, त्याच्या मुळाशी एका कारागिराचा हात आणि तो हात निरखून पाहणारा एक जिज्ञासू डोळा होता. जे यंत्र हाताच्या ज्ञानातून जन्मास आले, ते हाताच्या ज्ञानाने दुरुस्त होणार नाही, असे मानण्यास आधार कोणता?

असो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या प्रारंभी आमच्या पावाच्या बुडाशी काळसर रेघा दिसू लागल्या. प्रथम आम्ही पीठ बदलले, नंतर यीस्ट बदलले, एकदा तर पिठाच्या गिरणीवाल्यासही दोष देऊन आलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार झाला. आठवड्याभरात यंत्रातून जळका वास येऊ लागला. भांडे उचलून पाहिले, तो त्याच्या बुडातून पाणी ठिबकून खाली तळाशी करपलेले होते. तेव्हा कुठे ध्यानात आले की दोष पिठात नसून भांड्यात आहे.

यंत्र विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात आम्ही गेलो. तेथील तरुणाने भांडे हातातही न घेता सांगितले की, या नमुन्याचे भाग आता येत नाहीत, आपण नवे यंत्र घ्यावे. नव्याची किंमत दहा हजारांच्या घरात होती. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. उलट अतिशय सौजन्य होते. त्यास जे शिकवले होते, ते तो प्रामाणिकपणे सांगत होता. आम्हांस खरा खेद झाला तो पुढे. घरी येऊन ही हकीगत सांगितली, तेव्हा मातोश्री शांतपणे म्हणाल्या, “राहू दे रे. माझ्यासाठी एवढा खर्च नको. मी भाकरी खाईन.” त्यांचे दात भाकरीस पुरेसे राहिले नव्हते, हे आम्हां सर्वांस ठाऊक होते.

याच शाळेत दहावीत शिकणारी आमची पुतणी त्या वेळी तेथे होती. तिने ते भांडे उचलले आणि आमच्याबरोबर मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराच्या दुकानी नेले. त्या गृहस्थांनी पाव करण्याचे यंत्र आयुष्यात कधी पाहिले नव्हते. त्यांनी भांडे उलटे केले, दांडा दोन बोटांत धरून हलवून पाहिला, आणि गुजरातीत म्हणाले, “बेटा, हे तर मिक्सरच्या भांड्याचेच भावंड आहे.” आणि खरोखरच तसे होते. मिक्सरच्या भांड्यात पात्याखाली जसा धातूचा बुश असतो व त्यावर पाणी अडवणारे रबरी सील असते, तशीच रचना येथेही होती. सील झिजले, म्हणून खारट पाणी बुशपर्यंत पोहोचले. बुशचे ग्रीस धुऊन गेले. कोरडा दांडा बुशवर घासू लागला, आणि त्या घर्षणाची काजळी पावास लागू लागली. अनेक वर्षे इमानाने चाललेल्या यंत्रात झिजला होता तो बोटाच्या पेरावर मावेल एवढा रबराचा तुकडा.

आता प्रश्न मापाचा आला. यंत्राच्या माहितीपुस्तकात सीलचे माप दिलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंची परवानगी घेऊन पुतणीने शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपरने माप घेतले. दांड्याचा व्यास न झिजलेल्या जागी 8.0 मिलिमीटर भरला, झिजलेल्या जागी 7.8, सीलचा बाहेरचा व्यास 16, जाडी 7. वहीत परीक्षेपुरते सोडवलेले उदाहरण त्या दिवशी प्रथमच तिच्या घराच्या उपयोगी पडले. तीन आकडे लिहिलेला कागद घेऊन आम्ही बेअरिंग व सील विकणाऱ्या दुकानात गेलो, आणि कोणत्या कंपनीचे यंत्र, कोणता नमुना, हे काहीही न विचारता दुकानदाराने ते सील काढून पुढे ठेवले.

येथेच गोष्ट संपली असती तर ती फार गोड झाली असती. परंतु आम्ही एक चूक केली होती. आणलेले सील साध्या काळ्या रबराचे होते. असले रबर सुमारे शंभर अंश सेल्सियसपर्यंतच नीट टिकाव धरते. पाव भाजताना यंत्राच्या पोटातील उष्णता त्याहून पुष्कळ वर जाते. सहा आठवड्यांत ते कडक होऊन तडकले आणि पाणी पुन्हा ठिबकू लागले. दुसऱ्या वेळी आम्ही मापाबरोबर जातही सांगितली, आणि दोनशे अंशांपर्यंत टिकणारे सिलिकॉन रबराचे, अन्नास चालणारे सील मागून घेतले. दांडा थोडा झिजला होता म्हणून त्या कारागिरांनी तोही बदलला. दोन्ही खेपांचा सारा खर्च साडेचारशे रुपयांच्या आत आला. मातोश्रींचा पाव आजही एक दिवसाआड होत आहे. योग्य माप पुरेसे नाही, योग्य द्रव्यही हवे, हा धडा आम्हांस त्या फुकट गेलेल्या सीलने दिला, आणि तो महाग पडला असे आम्ही म्हणणार नाही.

या यंत्रात झिजणारे भाग मोजकेच आहेत, आणि थोडी निगा राखली तर तेही पुष्कळ टिकतात. मळणारे पाते ज्या भोकाने दांड्यावर बसते, ते भोक झिजले की पाते सैल फिरते आणि पीठ नीट मळले जात नाही. पाते दांड्यास चिकटले तर सुरीने उचकटू नये. भांड्यात कोमट पाणी घालून अर्धा तास ठेवावे म्हणजे ते आपण होऊन सुटते. पाते बसवण्यापूर्वी त्या भोकास तेलाचे बोट लावले तर ही वेळच येत नाही. भांड्यात पाणी भरावे, पण भांडे पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण बुडाकडून पाणी शिरले की बुशचे ग्रीस जाते. आतल्या न चिकटणाऱ्या लेपावर धातूचा चमचा चालवू नये. मोटरचा आवाज येतो पण पाते फिरत नाही, किंवा कोपऱ्यांत पीठ कोरडेच राहते, तेव्हा पट्टा ढिला झाला आहे किंवा कपलिंगचे दात गेले आहेत, असे समजावे. पट्ट्यावर बहुधा त्याचे माप छापलेले असते. मात्र यंत्राचे पोट उघडण्याचे काम मुलांनी एकट्याने करू नये. प्लग काढून, यंत्र पूर्ण निवल्यावर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच ते करावे. विजेशी थट्टा नको.

आमच्या या मतावर दोन आक्षेप येतील, ते आम्ही जाणून आहो. पहिला असा की, दुरुस्तीत वेळ जातो, हेलपाटे पडतात आणि शेवटी नवे घेणेच स्वस्त ठरते. काही वेळा हे खरे आहे. ज्या यंत्राचे नियंत्रण करणारे सर्किट जळाले आहे, ज्याच्या कॉइलमधून वीज अंगात उतरते, किंवा ज्याच्या भांड्याचा लेप सुटून पावात येऊ लागला आहे व नवे भांडे मिळत नाही, ते कवटाळून बसणे शहाणपणाचे नव्हे. तसले यंत्र भंगारात न फेकता विद्युत्-कचरा रीतसर गोळा करणाऱ्याकडे द्यावे; त्यासाठीचे सुधारलेले नियम आपल्या देशात 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले आहेत. तथापि हा निर्णय रोग ओळखल्यानंतर घ्यावयाचा असतो. नाडी न पाहताच ‘रोगी गेला’ म्हणणाऱ्या वैद्यास आपण वैद्य म्हणू काय?

दुसरा आक्षेप असा की, पाव करण्याचे यंत्र हे मूठभर घरांतले. त्याची एवढी चर्चा शाळेच्या वार्षिकात कशाला? त्यावर आमचे उत्तर असे की, मिक्सर, कुकर, इस्त्री, पंखा हे तर प्रत्येक घरात आहेत, आणि त्यांची कहाणी हीच आहे. कुकरची रबरी कडी सैल झाली म्हणून कुकर टाकण्याचे आपल्या मनातही येत नाही, कारण ती कडी कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात टांगलेली दिसते. जो भाग डोळ्यांसमोर टांगलेला असतो तो आपण बदलतो, आणि जो दिसत नाही त्यासाठी अख्खे यंत्र टाकतो. म्हणजे टाकण्याचे कारण झीज हे नसून आपले अज्ञान, आणि सुटे भाग न पुरवणाऱ्यांची सोय, हे होय.

ही सोय इतर देशांसही आता खुपू लागली आहे. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून काही विद्युत्-उपकरणांवर, ते दुरुस्तीस किती सोपे आहे याचे दहापैकी गुण दाखवणे सक्तीचे झाले. युरोपीय संघाने 2024 मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी निर्देश काढला आणि तो अमलात आणण्यासाठी सदस्य देशांना 31 जुलै 2026 ही मुदत घालून दिली. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 च्या जुलैत या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याविषयीची माहिती देणारे संकेतस्थळ सुरू केले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु हक्क कागदावर मिळाला तरी तो वापरणारा माणूस तयार असावा लागतो. भागाचे नाव ज्यास ठाऊक नाही, त्याने तो भाग मागावयाचा कसा?

आणि येथे आपल्या गावचे एक जुने स्मरण उपयोगी पडेल. सयाजीराव महाराजांनी 1890 साली बडोद्यात कलाभवन स्थापन केले. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे त्याचे पहिले प्रमुख होते. रंगविद्या, यंत्रविद्या इत्यादी विषय तेथे परभाषेत न शिकवता मातृभाषेतून शिकवावेत, असा त्या संस्थेचा हेतू होता. कारागिराच्या मुलास आपल्या बोलीतच यंत्राचे मर्म कळावे, ही दृष्टी त्या काळी किती पुढची होती! पुढे तीच संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रशाखा झाली. त्या वास्तूवरून रोज जाणाऱ्या आपल्या मुलांस घरातल्या मिक्सरच्या भांड्याखाली काय असते, हे सांगता येऊ नये, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते.

बुश, सील, कपलिंग हे शब्द मराठी नव्हेत, अशी हरकत कोणी घेईल. आम्ही ती मानत नाही. ज्या शब्दाने दुकानात तो भाग हाती पडतो, तो शब्द आपलाच समजावा. मात्र त्या शब्दामागचे काम मुलाला स्वतःच्या भाषेत सांगता आले पाहिजे. ‘सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारी रबरी कडी’ एवढे एक वाक्य ज्यास शुद्ध मराठीत बोलता आले, त्यास ते यंत्र निम्मे कळले. मराठी शाळेत शिकून पुढे काय, असे विचारणाऱ्यांस आम्ही हेही एक उत्तर देऊ इच्छितो.

आमची सूचना फार मोठी नाही. महिन्यातून एका शनिवारी आठवी ते दहावीच्या वर्गांनी घरातील एखादी बंद पडलेली, विजेचा संबंध तोडलेली वस्तू शाळेत आणावी. ती शिक्षकांच्या समक्ष उघडावी. कोणता भाग झिजला, का झिजला, त्याचे माप काय, तो कशाचा आहे, हे एका वहीत लिहावे, आणि ती वही ग्रंथालयात सर्वांसाठी ठेवावी. शहरातील एखाद्या जुन्या कारागिरास त्या दिवशी पाहुणे म्हणून बोलवावे आणि वक्त्यास देतो तोच मान द्यावा. आमच्या पुतणीला ज्यांनी सील बसवून दिले, त्यांच्या दुकानी आता शिकण्यास कोणी येत नाही, हे त्यांनीच आम्हांस सांगितले. भांडे आमच्या हाती देताना ते आमच्याकडे पाहून नव्हे, तर तिच्याकडे पाहून म्हणाले की, पुढच्या वेळी तू स्वतःच कर, मी बसून पाहीन.

पुढची वेळ येईलच, कारण झीज हा यंत्राचा धर्मच आहे. ती येईल तेव्हा आपल्या घरातील मुलाने प्रथम भांडे उलटे करून पाहावे आणि मग दुकानाची वाट धरावी, एवढीच विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस आमची विनंती आहे.